'नवीन' मेल म्हणजे नक्की कुठला, हे आधी ठरवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मोबाईलवर, ॲपवर, एआयवर दर आठवड्याला काही ना काही येतं आणि मी ते आवडीनं वाचतो पण. पण ज्या गोष्टीपायी गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेचं एक अपील बुडता बुडता राहिलं त्याबद्दल मराठीत कुठे एक ओळ वाचायला मिळाली नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. विषय ऐकायला कोरडा वाटेल. ईमेल आले की ते वाचून त्यांची सूची करणारा, म्हणजे इंडेक्स करणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कमांड देताना पुढे डॅश डॅश लावून जे ऑप्शन द्यायचे असतात ते कसे ठरवावेत, त्यांना नावं काय द्यावीत आणि काहीच ऑप्शन दिला नाही तर प्रोग्रामनं काय करावं. एवढाच विषय. पण आमच्यासारख्या ठिकाणी याच्यावर माणसांची कामं अडतात, ते कसं ते सांगतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतो, पगार नाही, शनिवार रविवारी जाऊन करतो. संस्था माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या गावातल्या लोकांना मदत करते. कायदा २००५ चा, त्यात ३० दिवसात उत्तर द्यायचं असतं, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसात पहिलं अपील करायचं. म्हणजे सगळा खेळ तारखांचा. कुठला मेल कधी आला, कुणाला उत्तर आलं, कुणाचं अपील करायचं राहिलंय हे एका जागी दिसलं पाहिजे. २००७ पासूनचे मेल आहेत, लाखाच्या वर गेलेत, आणि ते सगळे आम्ही आमच्याच कॉम्प्युटरवर ठेवतो कारण अर्जदारांची नावं पत्ते त्यात असतात आणि ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर कायमचे पडून राहू नयेत असं आमच्या लोकांचं म्हणणं आहे.

यासाठी आम्ही नॉटमच नावाचा मोफत प्रोग्राम वापरतो. कार्ल वर्थ यांनी तो २००९ मधे सुरू केला, आतमधे शोधायचं काम झेपियन नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते. लिनक्सवर चालतो, खिडक्या नाहीत बटणं नाहीत, काळ्या स्क्रीनवर टाइप करायचं. पण लाख मेलमधून एखाद्या ग्रामपंचायतीचं नाव टाकलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळे मेल समोर. प्रत्येक मेल ही डिस्कवर एक वेगळी फाइल असते, मेलडिर म्हणतात त्या पद्धतीला, क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी डॅनियल बर्नस्टाईन यांनी ती काढली, त्यात टेंप, न्यू आणि कर असे तीन फोल्डर असतात. नॉटमच त्या फाइलींच्या मजकुराला हात लावत नाही, फक्त वाचतो आणि स्वतःच्या इंडेक्समधे नोंद करतो. आणि आपण त्या मेलला जे टॅग लावतो, आमच्याकडे "अपील", "उत्तर-बाकी", "सुनावणी" असे मराठीतच टॅग आहेत, ते राहतात फक्त इंडेक्समधे, फाइलमधे नाही. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं दुखणं इथूनच आलंय.

नवे मेल इंडेक्समधे घ्यायची कमांड आहे नॉटमच न्यू. सकाळी ६ ला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम, ती आपोआप चालवतो, आणि मी तिला --क्वाएट हा ऑप्शन लावून ठेवला होता, कारण क्रॉनची सवय अशी की प्रोग्राम काहीही बोलला की तो लगेच ते मेल करून कळवतो आणि रोज "इतके मेल आले" असा एक मेल कशाला.

आता काय झालं ते. कॉम्प्युटरची आतली डिस्क लहान, म्हणून अर्जांचा सगळा पत्रव्यवहार बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, आणि ती डिस्क मेलच्या फोल्डरमधे "अर्ज" या नावानं जोडलेली. जुलैत रात्री लाइट गेली, पहाटे आली, कॉम्प्युटर आपोआप चालू झाला पण ती डिस्क काही उठली नाही. ६ वाजता क्रॉननं नॉटमच न्यू चालवलं. त्याला "अर्ज" फोल्डर रिकामा दिसला. काल तिथे हजारो फाइली होत्या आज एक पण नाही, म्हणजे या लोकांनी मेल डिलीट केले असणार, असा त्याचा हिशोब, आणि त्या हिशोबानं त्यानं ते सगळे मेल इंडेक्समधून काढून टाकले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे टॅग. एरवी तो शेवटी इतके इतके मेल काढले असं लिहितो. पण मी --क्वाएट दिलेलं. एक शब्द बोलला नाही.

दुपारी कुणीतरी डिस्कची पिन नीट बसवली, संध्याकाळी परत न्यू चाललं, सगळे मेल परत आले. पण कसे आले, तर आजच आल्यासारखे, सगळ्यांवर इनबॉक्सचा टॅग, आणि "अपील" एकावर पण नाही. आमचं ऑफिस ज्या सांभाळतात त्यांना सगळे वहिनी म्हणतात, वहिनींचा मला फोन, की अहो इनबॉक्समधे एवढे मेल कुठून आले आणि माझी अपिलाची यादी रिकामी का दिसतीये. मी टॅगचा बॅकअप ठेवतो, नॉटमच डंप म्हणून कमांड आहे ती सगळे टॅग एका साध्या फाइलमधे लिहून देते आणि रिस्टोअरनं ते परत लावता येतात, पण तो बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा होता. त्या आठ दिवसात लावलेले टॅग गेले ते गेले. त्यात एक अपील होतं, मुदत संपायला ४ दिवस, एका बाईंच्या रेशनकार्डाचं प्रकरण. वहिनी हाताने वहीत पण तारखा लिहितात म्हणून ते सापडलं. वही नसती तर त्या बाईंची मुदत गेली असती आणि आम्हाला कळलंही नसतं.

चूक प्रोग्रामची नाही असं मी मानतो, --क्वाएट मीच लावलं, बॅकअप रोज घ्यायला हवा होता तो मी घेतला नाही. फाइल दिसत नाही म्हणजे डिलीट झाली की डिस्क निखळली, हे त्या बिचाऱ्या प्रोग्रामला कसं कळणार, दोन्ही त्याला सारखंच दिसतं. पण म्हणूनच हे ऑप्शन ठरवणाऱ्यानं आधी बघायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. नवीन मेल घेणं आणि गेलेले मेल काढणं ही दोन कामं एका कमांडच्या पोटात आहेत, आणि दोन्हीची जोखीम सारखी नाही. मेल चुकून जास्त घेतला तर काय होईल, एक मेल जास्त दिसेल. मेल चुकून काढला तर माणसानं वर्षानुवर्षं बसून लावलेले टॅग जातात, आणि ते कुठल्याच सर्व्हरवरून परत डाउनलोड होत नाहीत. जिथे माणसाची मेहनत जाऊ शकते ते काम वेगळ्या ऑप्शनच्या ताब्यात पाहिजे.

असं करता येतं हे मला दुसऱ्या प्रोग्राममधे बघायला मिळालं. म्यू नावाचा एक असाच प्रोग्राम आहे, तो पण झेपियनवरच चालतो, त्याच्या म्यू इंडेक्स या कमांडला --नोक्लीनअप असा ऑप्शन आहे. म्हणजे नवीन घे, पण ज्यांच्या फाइली दिसत नाहीत ते मेल काढू नको. नॉटमच न्यू ला हुक (म्हणजे तिच्या आधी किंवा नंतर आपोआप चालणाऱ्या आपल्या स्क्रिप्ट) बंद करायचा, गप्प बसायचा, जास्त बोलायचा, कुलूपबंद मेल उलगडून वाचायचा, पूर्ण तपासायचा असे ऑप्शन आहेत, पण काढू नको म्हणणारा नाही. मला विचाराल तर मी त्याच्याही पुढे जाईन. एका फटक्यात इंडेक्सचा मोठा हिस्सा निघून जाणार असेल तर प्रोग्रामनं थांबावं. क्रॉनमधे विचारायला समोर कुणी नसतं हे मान्य, तर मग काही न काढता चूक कळवून बाहेर पडावं. युनिक्समधे, म्हणजे लिनक्सच्या जुन्या घराण्यात, प्रोग्राम संपताना एक आकडा देतो, त्यात यासाठी जुना आकडा आहे, ७५, म्हणजे आत्ता जमलं नाही थोड्या वेळानं परत प्रयत्न करा, नॉटमच हा आकडा बाकीच्या तात्पुरत्या अडचणींसाठी वापरतोच. डिस्क निखळणं याच्यापेक्षा तात्पुरती अडचण कुठली असणार.

आम्ही मग तोडगा काढला तो हुकचा. नॉटमच न्यू चालायच्या आधी प्री-न्यू नावाची आपली स्क्रिप्ट चालते आणि ती जर चूक दाखवून बाहेर पडली तर न्यू तिथंच थांबतं, पुढे काही करत नाही. ही फार चांगली सोय आहे. मी डिस्कवर "डिस्क-आहे" नावाची एक रिकामी फाइल ठेवली आणि प्री-न्यू मधे पहिल्याच ओळीत ती फाइल दिसतीये का ते तपासलं, नसेल तर थांब. त्याच स्क्रिप्टमधे पुढे एमबीसिंक, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवायचं काम. छान चाललं दोन महिने.

मग एक दिवस नेट बंद, एमबीसिंक अडकून बसलं, आणि वहिनींना हाताने कॉपी केलेले काही मेल इंडेक्समधे घ्यायचे होते. मी फोनवर सांगितलं, वहिनी शेवटी --नो-हुक्स लावा म्हणजे ते डाउनलोड करायला जाणार नाही. त्यांनी लावलं, काम झालं. रात्री झोपताना माझ्या डोक्यात आलं की --नो-हुक्स नं डाउनलोड तर थांबलं पण डिस्कची तपासणी पण थांबली. त्या दिवशी डिस्क जोडलेली होती हे नशीब. म्हणजे बघा, एकाच ऑप्शननं दोन वेगळ्या गोष्टी बंद होतात, एक गोष्ट वेळ खाणारी आणि दुसरी राखण करणारी, आणि ऑप्शन देणाऱ्या माणसाच्या मनात फक्त पहिली असते. ऑप्शनचं नाव प्रोग्रामच्या आतल्या पुर्ज्यावरून ठेवलंय, हुक हा पुर्जा आहे, वहिनींना हुकशी काय करायचंय, त्यांना "आत्ता मेल उतरवू नको" एवढंच म्हणायचं होतं. मी आता डिस्कची तपासणी हुकमधून काढून वेगळ्या स्क्रिप्टमधे टाकलीये, जी आधी तपासते आणि मगच नॉटमचला बोलावते, तिला कुठलाच ऑप्शन चुकवू शकत नाही.

दुसरा किस्सा "न्यू" या शब्दाचाच. आमच्याकडे २००७ ते २०१० च्या सुमाराचे बरेच मेल जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधे टाइप केलेले आहेत. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना माहितीये, तो फॉन्ट असेल तर मराठी दिसायचं नाहीतर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. असे मेल शोधात कधीच सापडत नाहीत, "पाणीपुरवठा" टाकलं तरी मेलमधे तो शब्द खिचडीच्या रूपात असतो. मी दिवाळीच्या सुट्टीत बसून एक स्क्रिप्ट लिहिली, मूळ फाइली वेगळ्या जागी जपून ठेवल्या आणि मेलमधला मजकूर युनिकोड करून त्याच नावाच्या फाइलीत परत लिहिला. मग मोठ्या आशेनं नॉटमच न्यू चालवलं. उत्तर आलं, नवीन मेल नाही.

कसं नाही? माझ्या मते तर सगळेच नवीन होते, कालपर्यंत वाचता येत नव्हते आज येतायत. पण नॉटमचच्या मते नवीन म्हणजे नवीन नावाची फाइल. तो आधी फोल्डरची बदललेली वेळ बघतो, वेळ तीच असेल तर आत डोकावतच नाही, यामुळेच लाख मेल असून तो क्षणात संपतो. आणि असलेल्या फाइलीच्या आत कुणी काही बदललं तर फोल्डरची वेळ बदलत नाही. मी --फुल-स्कॅन दिलं, नावावरून वाटलं की आता पूर्ण तपासेल, तरी तेच, कारण फुल-स्कॅन म्हणजे फोल्डरच्या वेळेवर विश्वास न ठेवता सगळ्या फाइलींची नावं बघणं, आतला मजकूर परत वाचणं नाही. त्यासाठी वेगळी कमांड आहे, रीइंडेक्स. ती चालवली आणि मग २००८ चं पाणीपुरवठ्याचं पत्र पहिल्यांदा शोधात दिसलं. ते ज्यांनी लिहिलं ते आता नाहीत, त्यांच्या मुलाला मी ते प्रिंट काढून दिलं.

म्यू मधे हेच उलट्या बाजूनं आहे. म्यू इंडेक्स साधं चालवलं तर तो प्रत्येक फाइलीची वेळ बघतो, त्यामुळे बदललेली फाइल त्याला कळते, आणि घाई असेल तर --लेझी-चेक द्यायचं, मग तो नुसती फोल्डरची वेळ बघतो आणि आत बदललेल्या फाइली त्यातून सुटतात, तसं त्याच्या मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय. मला हे जास्त पटतं. नेहमीची वागणूक खात्रीची आणि घाईची वागणूक मागून घ्यायची, आणि तिचं नावच असं की देणाऱ्याला कळतं आपण आळशी तपासणी मागतोय. नॉटमचचा विचारही चुकीचा म्हणता येणार नाही, मेलडिरमधली फाइल एकदा आली की कुणी तिचा मजकूर बदलायचा नाही हा त्या पद्धतीचा नियमच आहे, मी नियमाबाहेर वागलो. पण मग "न्यू" हा शब्द नको होता असं मला राहून राहून वाटतं. तीच कमांड गेलेले मेल काढते, नाव बदललेल्या फाइलींची नोंद बदलते, आणि वर मेलडिरमधे न्यू नावाचा फोल्डर वेगळा, कॉन्फिगमधे, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइलीत, न्यू नावाचा भाग वेगळा, आणि नॉटमचच्या वेबसाइटवर सुचवलेल्या पद्धतीनं गेलात तर आधी सगळ्यांना न्यू टॅग लावून मग हुकमधे तो काढायचा, तो चौथा न्यू. नवीन शिकणाऱ्या मुलाला मी हे समजावतो तेव्हा तो दर वेळी विचारतो, सर यातला कुठला न्यू?

नावांबद्दल आणखी एक सांगतो, हे मला फोनमुळे कळलं. मी साताऱ्यात, ऑफिस तालुक्याला, निम्म्या कमांड मी वहिनींना फोनवरून सांगतो. एका अक्षराचे ऑप्शन फोनवर सांगणं म्हणजे शिक्षा आहे. एम की एन, बी की डी की पी, आणि लहान की मोठं. दूरच्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या एसएसएच मधे पोर्टच्या नंबरासाठी लहान पी आणि तिकडे फाइल पाठवणाऱ्या एससीपी मधे मोठा पी. ग्रेप या मजकूर शोधायच्या प्रोग्राममधे व्ही म्हणजे उलटा शोध, आणि कितीतरी प्रोग्राममधे व्ही म्हणजे जास्त बोल. एका अक्षराचे ऑप्शन ज्या काळात ठरले तेव्हा टाइप करणं हळू होतं, अक्षर वाचवणं गरजेचं होतं, त्यांना दोष नाही. पुढे जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातल्या लोकांनी दोन डॅश आणि पूर्ण शब्द ही पद्धत रुळवली आणि ती फोनवर सांगता येते, "दोन डॅश, फुल, एक डॅश, स्कॅन", वहिनी एकदा ऐकून लिहितात, आणि महिन्यानं स्क्रिप्ट उघडली तरी वाचून कळतं की इथे काय मागितलंय. जो कुणी ऑप्शन ठरवतोय त्यानं तो फोनवरून एकदा दुसऱ्याला सांगून बघावा, लगेच कळेल नाव जमलंय का. --नोक्लीनअप मला कामाला आवडला पण सांगायला नाही, मधे डॅश नाही हे दर वेळी वेगळं सांगावं लागतं.

सगळ्यात नाजूक ऑप्शन मात्र --डिक्रिप्ट. आमच्याकडे काही लोक कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट केलेले मेल पाठवतात, गावातल्या दांडग्या माणसाविरुद्ध अर्ज करणारे लोक आहेत, त्यांना भीती असते आणि ती खरी असते. आता असा मेल शोधात यायचा तर इंडेक्स करताना तो उलगडावा लागतो, आणि उलगडून इंडेक्स केला की त्यातले शब्द इंडेक्समधे उघडे पडतात. इंडेक्स चोरला तर त्यावरून मूळ मजकूर जुळवता येतो. म्हणजे कुलूप लावलेल्या पेटीतला कागद आपण बाहेरच्या भिंतीवर लिहून ठेवला. हे नॉटमचच्या लोकांनी नीट ओळखलंय हे मानलं पाहिजे, मॅन्युअलमधे त्यांनी ठळक इशारा दिलाय की इंडेक्सच्या सुरक्षेचा विचार केल्याशिवाय हे वापरू नका. आणि ऑप्शनला त्यांनी नुसतं हो नाही ठेवलं नाही, चार किंमती आहेत. फॉल्स म्हणजे उलगडूच नको. ऑटो म्हणजे त्या मेलची किल्ली (प्रत्येक कुलूपबंद मेलची वेगळी असते) आधीच इंडेक्समधे साठवलेली असेल तरच उलगड, नवीन काही करू नको, आणि काही सांगितलं नाही तर हेच लागू. ट्रू म्हणजे तुमची खाजगी चावी वापरून उलगड, मजकूर इंडेक्स कर आणि त्या मेलची किल्ली पण साठव. नोस्टॅश म्हणजे उलगडून इंडेक्स कर पण किल्ली साठवू नको.

चार किंमती का लागल्या हे मला वापरूनच कळलं. क्रॉन पहाटे चालतो तेव्हा चावीचा पासवर्ड टाकायला कुणी नसतं, ट्रू असेल तर त्याला ते मेल उलगडताच येणार नाहीत, ऑटो असेल तर तो शांतपणे पुढे जातो. नुसतं हो नाही असतं तर दोन्हीतलं एक आमच्या गळ्यात पडलं असतं. आणि हे कॉन्फिगमधे कायमचं पण ठेवता येतं आणि एखाद्या वेळेपुरतं कमांडवर वेगळं पण देता येतं, हे पण बरोबर. माझी तक्रार नावांपुरती आहे. सगळ्यात गंभीर परिणाम असलेल्या किंमतीचं नाव "ट्रू" असावं का? ट्रू वाचून कुणालाही बरं काहीतरी वाटतं. नोस्टॅश तर मी कितीही समजावलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं की यात काहीच साठवलं जात नाही म्हणजे हे सुरक्षित, आणि मजकूर तर त्यातही इंडेक्समधे जातोच. काय साठत नाही यापेक्षा काय उघडं पडतं ते नावात यायला हवं होतं. आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर चार जण वापरतात, आम्ही फॉल्स ठेवलंय आणि ते मेल शोधात येत नाहीत हे सगळ्यांना माहिती आहे, वहिनींच्या वहीत त्यांच्या तारखा आहेत.

म्यूचं एक पाऊल मला फार पटलं ते इथे सांगतो कारण आपल्याकडच्या मुलांना ते उपयोगी पडेल. आधी म्यू इंडेक्सलाच मेलचा फोल्डर कुठला, आपले पत्ते कुठले हे ऑप्शन द्यायला लागायचे. १.४ पासून त्यांनी म्यू इनिट वेगळं काढलं, जे एकदाच सांगायचं ते तिथे सांगा, आणि इंडेक्सला फक्त या वेळेपुरतं काय ते. माझ्या मते कुठल्याही कमांडचे ऑप्शन ठरवताना हा पहिला प्रश्न हवा, की ही गोष्ट दर वेळी बदलणार आहे का. बदलणार नसेल तर ती ऑप्शनमधे ठेवली की कधीतरी कुणीतरी द्यायला विसरणार आणि तो दिवस नेमका घाईचा असणार.

आमच्याकडे इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, हुशार असतात, प्रोग्राम आठवड्यात लिहितात. मी त्यांना सांगतो आधी एक पान मॅन्युअल लिहा, कोड नंतर. प्रत्येक ऑप्शनपुढे दोन वाक्यं, दिला तर काय होईल आणि दिला नाही तर काय होईल. तिसरं वाक्य, यानं कुणाचं काय जाऊ शकतं. या वर्षी आलेल्या दोन मुलींनी आमच्यासाठी एक छोटा प्रोग्राम केला, तो नॉटमच न्यू च्या आधी चालतो आणि फक्त मोजून सांगतो की किती फाइली नवीन दिसतायत आणि किती नाहीशा झाल्यात, करत काहीच नाही. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला --ड्राय-रन असतो ना, आधी नुसतं दाखव म्हणणारा, त्याच धर्तीवर. नाहीशा झालेल्या शंभराच्या वर गेल्या की तो न्यू ला पुढे जाऊच देत नाही. गप्प राहायचा ऑप्शन त्यात पण आहे पण तो फक्त "सगळं ठीक" हे बोलत नाही, अडचण असली की बोलतोच. हे त्या मुलींनी स्वतःहून ठरवलं, मी सांगितलं नव्हतं. ऑगस्टपासून तो रोज चालतोय आणि सप्टेंबरात एकदा त्यानं खरंच अडवलं, डिस्कची केबल सैल झाली होती.

अशा गोष्टींना तुमच्या पेपरात महिन्यातून एकदा जरी जागा मिळाली, मोबाईलच्या किंमतींच्या शेजारी चालेल, तर तालुक्याच्या कॉलेजातली मुलं वाचतील, कारण या विषयावर त्यांना जे मिळतं ते सगळं इंग्रजीत आणि बहुतेक वेळा कुणीतरी आधीच तज्ञ असलेल्यासाठी लिहिलेलं असतं. लिहायला लोक मिळतील, मी स्वतः लिहीन, त्या मुली पण लिहितील.

एक विनंती छापताना. ऑप्शन मी देवनागरीत लिहिलेत, पण प्रत्येकाच्या आधी दोन डॅश आहेत ते दोनच राहू द्या, पानं लावताना ते जोडून त्याची एक लांब रेघ होते आणि मग वाचणारा एकच डॅश टाइप करतो, कमांड चालत नाही आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आपला नियमित वाचक,
सातारा